बाळ हाकेला बघत नाही. ऑटिझमची लक्षणं नेमकी कधीपासून दिसतात? मदत हवी आहे

मीरा_देवगड
कृपया कुणीतरी नीट सांगा. बाळाला हाक मारली तर बघत नाही. दहापैकी दोनदा बघते, बाकी नाही. वाटी आपटत बसते, पंख्याकडे टक लावते. बोट दाखवत नाही. काल रात्री अडीचपर्यंत वाचत होते. एका ठिकाणी सहा महिन्यांपासूनची लक्षणं दिलीत, दुसरीकडे लिहिलंय दीड वर्षाआधी काही सांगता येत नाही. एम-चॅट म्हणजे ऑटिझमची प्रश्नावली भरली, ९ गुण आले, म्हणजे थेट 'जास्त धोका'. मुंबईला न्यायचं ठरलंय, पण आमचे हे ट्रॉलरवर असतात, १ जूनला मासेमारीची बंदी लागली की मगच जमेल. अजून अडीच महिने मी अशी नाही काढू शकत. मला एवढंच हवंय: कोणत्या महिन्यात काय दिसायला हवं आणि त्यामागे खरा अभ्यास कुठला. 'प्रत्येक मूल वेगळं असतं' हे नको, ते घरात रोज ऐकते.

वाशिष्ठीकाठ
बाळ किती महिन्यांचं आहे ते लिहिलंच नाही तुम्ही.

सुपारीबाग
मोबाइल बंद करा आधी. आमच्या वाडीत तीन पोरं अशी आहेत, तिघांना जेवताना मोबाइल लागतो. कार्टून बंद केल्यावर माझा भाचा महिन्याभरात बोलायला लागला.

मीरा_देवगड
मोबाइल देतच नाही. ११ महिन्यांची आहे.

शब्दखूण
मीराताई, मी वाचा-भाषा तज्ज्ञ आहे, चौदा वर्षं लहान मुलांसोबत काम करते. पहिली गोष्ट, ते ९ गुण मनातून काढून टाका. एम-चॅट १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. त्यात 'मूल चालतं का' हाही प्रश्न आहे. ११ महिन्यांचं बाळ सहसा चालत नाही, नीट बोट दाखवत नाही, म्हणून गुण चढणारच. शिवाय वयात बसणाऱ्या मुलाचेही ३ ते ७ गुण आले तर पुढचे सविस्तर प्रश्न विचारल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत. ती चाळणी आहे, निदान नव्हे.
आता दोन गोष्टी सांगा. जन्म पूर्ण दिवसांचा होता का? आणि कान तपासलेत का?

माड_आणि_मी
ताईनु, घाबरू नकात. माझो झील तीन वर्षांचो होईपर्यंत एक शब्द बोलूक नाय. आता दिवसभर तोंड बंद नसता. आमच्या आजयेन ग्रामदेवतेक गाऱ्हाणा घातल्यान आणि वेखंड उगाळून मधातून चाटवल्यान. थोडा थांबा.

शब्दखूण
दादा, गाऱ्हाणं घाला, त्यात माझं काही नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो, बाळाचे स्नायू लुळे पडतात. आणि 'थांबा' हा सल्ला मी चौदा वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलाय. तीन वर्षं थांबून आलेल्या आया माझ्यासमोर रडल्यात. तुमचा मुलगा बोलला याचा आनंद आहे, पण जो नाही बोलला त्याची आई इथे लिहायला येत नाही.

माड_आणि_मी
आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मध दिलो. कोणाक काय झाला नाय.

हळदणकर_वेंगुर्ले
लस दिलीत का नऊ महिन्यांची? माझ्या ओळखीत लसीनंतरच एक मुलगा गप्प झाला. मी तर म्हणेन सध्या थांबवा.

वाशिष्ठीकाठ
कृपा करून हे पसरवू नका. १९९८ साली वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने गोवराची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, १२ मुलांवरचा लेख लिहिला, तिथून ही भीती आली. २०१० मध्ये तो छापणाऱ्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. त्यानंतर डेन्मार्कसारख्या देशांत लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या, संबंध सापडला नाही. गोवर-रुबेलाची पहिली लस आणि ऑटिझम लक्षात येण्याचं वय मागेपुढेच येतं, म्हणून लोकांना तसं वाटतं.

मीरा_देवगड
लस मी लांबवली आहे. याच भीतीने. कुणाला सांगितलं नव्हतं.
जन्म ३३व्या आठवड्यात. १२ दिवस काचेच्या पेटीत होती. कान तपासल्याचं आठवत नाही, पण ऐकू येतं तिला, कुकरच्या शिट्टीने दचकते.

शब्दखूण
ताई, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. तुम्ही त्यात रोज जगता म्हणून सुटलं असेल, पण याने सगळं बदलतं.
सात आठवडे आधी जन्म, म्हणजे विकास मोजताना ती सात आठवडे कमी धरायचे. ती साधारण साडेनऊ महिन्यांची. नावाला प्रतिसाद बहुतेक मुलांत नऊ महिन्यांच्या आसपास स्थिरावतो, पण न वळण्याला वजन येतं ते बारा महिन्यांनंतर. बोट दाखवणं तर साडेनऊ महिन्यांत मी अपेक्षितच धरत नाही. वाटी आपटणं आणि पंखा बघणं या वयात सगळीच बाळं करतात.
कुकरच्या शिट्टीवर मात्र जाऊ नका. मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. पेटीत राहिलेल्या बाळांना श्रवणदोषाचा धोका जास्त, आणि त्यांना नुसती ओएई, म्हणजे आतल्या कानाची झटपट चाचणी, पुरत नाही, बेरा लागते, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी. बाळ झोपलेलं असताना करतात, दुखत नाही. आधी कान.

सुपारीबाग
साधी गोष्ट एवढी मोठी का करता? जीभ खाली चिकटलेली असते, दोरा कापला की मुलं बोलतात. चिपळूणला माझ्या मेहुण्याच्या मुलीचं पाच मिनिटांत झालं.

वाशिष्ठीकाठ
सुपारीबाग, प्रश्न हाकेला बघण्याचा आहे. जिभेने कुणी बघत नाही.

दर्या_हर्णै
निरामय हा अपंगांचा आरोग्य विमा काढून ठेवा, लाखापर्यंतचा खर्च मिळतो, सरकारी नॅशनल ट्रस्टची योजना आहे. ऑटिझम त्यात धरलाय. युडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, आधी काढा, अपंगत्वाच्या २०१६च्या कायद्यातही ऑटिझम आहे.

वाशिष्ठीकाठ
अहो, पोरीचं निदान तरी झालंय का? कशाला आईला कार्डाच्या रांगेत उभं करता?

मीरा_देवगड
दर्यादादांवर रागावू नका, ती माहिती मला हवीच होती. मोठ्यासाठी. तो पाच वर्षांचा आहे, त्याचं निदान चार वर्षांचा असताना झालं. दोन वर्षांचा असताना दाखवलं होतं, तेव्हा डॉक्टर म्हणाले मुलगे उशिरा बोलतात. तेव्हा मी गप्प बसले. म्हणून या वेळी पंख्याकडे बघितलं तरी माझा जीव उडतो.

शब्दखूण
आता कळलं तुम्ही अभ्यास का मागत होता.
मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्याला असण्याचं प्रमाण साधारण पाचात एक. म्हणजे लक्ष ठेवायला हवं, आणि म्हणजेच पाचातल्या चौघांना होत नाही.
सहा महिन्यांच्या लक्षणांचं जे वाचलंत, ते बहुधा क्लिन आणि जोन्स यांच्या २०१३च्या अभ्यासावरून. कॅमेऱ्याने बाळांची नजर मोजली. पुढे ऑटिझम ठरलेल्या मुलांत, डोळ्यांकडे बघण्याचं प्रमाण २ ते ६ महिन्यांत हळूहळू उतरत गेलं. सुरुवातीला ती बघत होती, हे विशेष. पण हा फरक यंत्राला आणि गटात दिसतो. घरी एका बाळाकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही.
तुम्हाला उपयोगी आहे तो १९९४चा जुना अभ्यास, ऑस्टरलिंग आणि डॉसन यांचा. ११ ऑटिस्टिक आणि ११ इतर मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. फरक कशात होता? लोकांच्या चेहऱ्याकडे बघणं, वस्तू उचलून दाखवणं, बोट दाखवणं, नावाला वळणं. म्हणून मी आयांना सांगते, मूल वस्तूचं काय करतं यापेक्षा ती वस्तू घेऊन तुमच्याकडे येतं का ते बघा. पंखा बघून झाल्यावर ती तुमच्याकडे वळते का? तोंड लपवून बु-बुक केल्यावर 'अजून कर' असं तोंड करते? भाऊ खोलीत आला की खुलते? आठवड्याला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, बोलावता न बोलावता दोन्ही. डॉक्टर त्यावरून पुष्कळ सांगू शकतात.
आणि आधी केलेले शब्द, आवाज, हसणं थांबलं तर तारीख न बघता लगेच न्या.

अंगणवाडी_सेविका_कुडाळ
मी अंगणवाडीत काम करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, विकासात मागे असलेली मुलंही तेच तपासतात. पण पथकाची वाट बघू नका. तुमच्या सेविकेला सांगा, ओरोसला जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी मिळते का विचारा. बेरा तिथे होते का ते आधी फोनवर विचारून निघा, नाहीतर मुलांना घेऊन फेरी फुकट जाते. मोठ्याचीही फाइल न्या.

माड_आणि_मी
देवगडहून ओरोसक जातला तर कणकवलीक गाडी बदलूची लागता. सकाळची धरा, दुपारची आंब्याच्या पेट्यांनी भरलेली असता.

हळदणकर_वेंगुर्ले
मी लसीबद्दल लिहिलं ते मागे घेते. माहीत नव्हतं.

मीरा_देवगड
उद्या लस देऊन आणते. बेरासाठी सोमवारी फोन करते, बंदीची वाट नाही बघत. नाहीच झालं तर मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषाच्या संस्थेत न्यायचं, तिथेही विचारून ठेवते.
आता बु-बुक करून बघितलं. तीनदा हसली, चौथ्यांदा मी थांबले तर माझा पदर ओढला. याचा अर्थ काही आहे का?

शब्दखूण
आहे. चांगला आहे. पण तरी बेरा करायचीच. अहवालात दोन्ही कानांचे डेसिबल वेगळे लिहिलेले असतात, ते इथे टाका. आणि मोठ्याची थेरपी सध्या कुठे चालू आहे?