गावात कॅमेरे बसवायचे का?

प्रेषक: मकरंद (चिटणीस)
विषय: गावात कॅमेऱ्यांसाठी वर्गणी

नमस्कार मंडळी,

वर्धा जिल्ह्यातल्या त्या खुनाचा व्हिडिओ आतापर्यंत बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहू नये. गाव आपल्या सुनंदाताईंच्या माहेरचं आहे, म्हणून हा विषय इथे काढतोय. समितीत असं ठरत आलंय की परदेशातल्या आपल्या मंडळाने वर्गणी काढून त्या गावात सीसीटीव्ही बसवून द्यावेत. सरकारवर विसंबून राहण्यात अर्थ नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं (आपल्या समितीत हे विरळाच).

बातम्यांवरून मात्र काहीच कळत नाही. एका चॅनलवर गँगवॉर, दुसऱ्यावर प्रेमप्रकरण, तिसऱ्यावर शेताच्या धुऱ्याचा (बांधाचा) वाद. ताई सध्या आईच्या आजारपणामुळे तिकडेच आहेत. ताई, सवडीने लिहाल का?

मकरंद

प्रेषक: सुनंदा
विषय: उत्तर: गावात कॅमेऱ्यांसाठी वर्गणी

मकरंद आणि सगळे,

आधी झालं काय ते सांगते. गँगवॉर नाही, प्रेमप्रकरण नाही, धुराही नाही. गेलेला मुलगा पंचविशीतला, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या घरामागे नाल्याच्या काठाला मोहाच्या सडव्याचे (हातभट्टीच्या दारूसाठी कुजवलेल्या मोहफुलांचे) ड्रम पुरलेले होते. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे नाल्यात सडवा आणि दुचाकीच्या डिक्कीत शेजारच्या जिल्ह्यातून आणलेले विदेशीचे पव्वे, हा इथला बारमाही धंदा. वास आणि रात्रीची वर्दळ असह्य झाली तेव्हा त्याने ठाण्यात जाऊन सांगितलं. पोलीस आले, ड्रम फोडले, 'वॉश आऊट' मोहिमेचे म्हणून फोटो काढून गेले. त्याच संध्याकाळी दारूवाल्याचा पोरगा पानठेल्यावर चारचौघांत त्याला म्हणाला, "तूच सांगतलं ना बे?" पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याला मारलं. भरदुपारी, भाजीच्या दुकानांमध्ये. बघणारे कमी नव्हते.

आता त्यातला एकही बोलत नाही. खाली मान घालून सगळे म्हणतात, "मी तं तवा बैल आणाले गेलो होतो." एवढे बैल गावात राहिलेत कुठे?

बातमी दोन दिवसांनी आली, चार ओळींची. किरकोळ वादातून तरुणाचा खून, पुढील तपास सुरू. त्याच पानावर खाली एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची अर्धा पान जाहिरात आणि शुभेच्छुकांच्या रांगेत असा एक चेहरा की गावातल्या पोरांनी पेपर उलटा करून एकमेकांना दाखवला. आमच्या तालुक्याच्या वार्ताहराला पगार नाही, जाहिरातीवरचं कमिशन मिळतं. त्याच्या घरचा किराणा त्या अर्ध्या पानावर येतो, मग वरच्या चार ओळी तो वाढवणार कशा? यूट्यूबवाल्यांचं त्याहून सोपं. माईक घेऊन आले, मुलाच्या आईला विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?" आणि निघून गेले. या खुनाचं गँगवॉर त्यांनीच केलं.

तुम्ही विचाराल, लोक राहतात कसे? तसेच राहतात. सध्या हरभऱ्याचं ओलित चालू आहे. कृषीपंपाची लाइन एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात माणसाला वावरात जावंच लागतं. पूर्वी भीती सापाची आणि रानडुकराची होती. आता मोटारीची केबल कापणाऱ्यांची आणि दारूच्या फेऱ्या करणाऱ्या पोट्ट्यांची. त्यांच्या गाडीचा नंबर दिसला तर? म्हणून आमचा भाऊ बॅटरी रस्त्याकडे मारतच नाही, फक्त पाण्याच्या दांडाकडे मारतो. सोयाबीन विकून आलेले पैसे घरात ठेवत नाहीत, बँकेतून काढायचे असले तर दोघं जातात आणि परत येताना वाटेत चहासुद्धा घेत नाहीत. मुली कॉलेजला जातात, पण घोळक्याने. 3 फेब्रुवारी 2020 ला हिंगणघाटात कॉलेजला शिकवायला निघालेल्या मुलीवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. ती आठवड्याने गेली. इथल्या प्रत्येक आईच्या डोक्यात ते आहे. तेव्हा मुंबईहून मंत्री आले, खटला झटपट चालवू म्हणाले. जन्मठेपेचा निकाल लागला 10 फेब्रुवारी 2022 ला. दरम्यान महिलांवरच्या अत्याचारांसाठी आणलेलं शक्ती विधेयक 2021 च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, दिल्लीला पाठवलं, आणि कायदा म्हणून ते आजवर आलेलं नाही. मग ठाणेदार बदलला काय आणि सरकार बदललं काय, आमच्या आईचं एकच: "आपलं दार लावून घ्या."

आता कॅमेरे. खून कुणी केला हे कॅमेऱ्याशिवायही अख्ख्या गावाला ठाऊक आहे. इथे अडलंय ते कागदावर नाव घालायला. कारण ठाण्यात सांगितलेलं नाव दारूवाल्यापर्यंत त्याच दिवशी पोचतं. त्यात तुम्ही कॅमेरे दिलेत तर त्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) कुणाच्या घरी बसेल? ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याच्या. इन्व्हर्टर कुणाकडे आहे ते मी मंडळाच्या ईमेल यादीवर लिहीत नाही. त्याला मग रोज घरबसल्या दिसेल, ठाण्याच्या रस्त्याला कोण लागलं.

सुनंदा

प्रेषक: विलास
विषय: उत्तर: उत्तर: गावात कॅमेऱ्यांसाठी वर्गणी

सुनंदाताई, राग नका मानू, पण थोडं जास्तच होऊन राहिलं. मी काटोलकडचा. नागपूरले 'क्राइम कॅपिटल' म्हणू म्हणू या मीडियानं आमची इज्जत घालवली. एक मर्डर झाला की सगळा विदर्भ यूपी-बिहार. आमच्या गावाले तंटामुक्तीचं बक्षीस भेटलं आहे, वेशीवर बोर्ड आहे. मागच्या दिवाळीत महिनाभर राहून आलो, कुठी काही नाही. ठाण्यात गुन्हेच नोंद नाही तं गुन्हे आले कुठून? अन् पोलिसवालेही आपलेच पोट्टे आहेत न ताई, सगळेच विकलेले नसतात.

कॅमेऱ्याले माझाही विरोध आहे, पण त्याचं कारण वेगळं. आपण पैसे पाठवले की सरपंचाचा फ्लेक्स लागते.

विलास

प्रेषक: सुनंदा
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: गावात कॅमेऱ्यांसाठी वर्गणी

विलासभाऊ,

राग कशाला? फ्लेक्सबद्दल तर शंभर टक्के खरं बोललात. सगळे विकलेले नसतात हेही खरं. 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ दारूची गाडी अडवायला उभ्या राहिलेल्या फौजदाराला त्याच गाडीने चिरडून मारलं. तोही पोलीसच होता.

पण तंटामुक्तीच्या बोर्डावर जाऊ नका. ही मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. हेतू चांगला होता: भावकीचे, धुऱ्याचे, सांडपाण्याचे वाद गावातच मिटावेत, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. कितीतरी ठिकाणी ते झालंही. पण बक्षीस म्हटलं की गुण आले, गुण म्हटलं की नोंदी कमी दाखवणं आलं. आमच्याकडे एका बाईला नवऱ्याच्या भावाने सब्बलीने मारलं, हात मोडला. समितीने मारुतीच्या पारावर बसवून त्याच्याकडून नारळ फोडून घेतला. झाला तंटामुक्त. ती बाई ठाण्यात गेली असती तर गावाचे गुण गेले असते, असं तिलाच ऐकवलं. आणि तंटामुक्ती अध्यक्षाच्या निवडीवरून ग्रामसभेत खुर्च्या उडतात, हे तुमच्या काटोलकडे होत नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

म्हणून ठाण्यातली पाटी कोरी असली की मला धीर येत नाही. खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यात एका दलित घरातली चार माणसं मारली गेली. सुरुवातीचे कितीतरी दिवस मोठ्या पेपरांतून ती बातमी जवळजवळ नव्हतीच, आणि आली तेव्हा अनैतिक संबंधांचं लफडं म्हणून आली. जातीचं नाव घ्यायला मोर्चे निघावे लागले. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं, त्यातल्या सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. 2010 मध्ये हायकोर्टाने ती 25 वर्षांच्या कैदेवर आणली. पण ॲट्रॉसिटीचं कलम दोन्हीकडे टिकलं नाही. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना निकालाचा तपशील विचारा, तोंडपाठ सांगतील. पेपरात वाचून नाही, एकमेकांना सांगून.

आणि नोंद होत का नाही, तर कधीकधी वरून फोन येतो म्हणून. ही माझी कल्पना नाही. 2006 मध्ये बुलडाणा जिल्ह्यात शेतकऱ्यांनी एका आमदाराच्या सावकार वडिलांविरुद्ध तक्रारी दिल्या, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री कार्यालयातून जिल्ह्यात फोन गेला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि डिसेंबर 2010 मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला 10 लाखांचा दंड केला. आधी हायकोर्टाने 25 हजार लावले होते, सरकार अपिलात गेलं आणि वाढवून घेऊन आलं!

मीडिया फुगवतं हे तुमचं खरं, पण फुगवतं ते शहरातलं. आमच्याकडचं ते चार ओळींत दाबतं. दोन्हीकडे खरं काय ते कळत नाही, आणि मग माणूस व्हॉट्सॲपवर येईल त्यावर विश्वास ठेवतो. परवाच गावात आवई उठली की पोरं पळवणारी टोळी फिरतेय. भांडी विकायला आलेल्या दोघांना पोरांनी पारापाशी अडवून ठेवलं होतं. आमच्या पोलीस पाटलाने त्यांना आपल्या घरात नेऊन बसवलं आणि दाराला आडवा उभा राहिला, म्हणून निभावलं. 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात असा कुणी आडवा उभा राहू शकला नाही आणि भिक्षा मागणारी पाच माणसं गेली.

सुनंदा

प्रेषक: अनघा
विषय: आई एकटी असते

ताई, माझी आई पुसदजवळ एकटी राहते. मागच्या महिन्यात शेजारच्याने दारू पिऊन तिच्यावर काठी उगारली. ठाण्यात गेली तर एनसी फाडून परत पाठवलं. आता तो शेजारी अजून शेफारलाय. मी इथून करू काय? तिला घेऊन यावं म्हटलं तर ती येत नाही. व्हिसाचं सोडा, तिला तिची तूर सोडवत नाही.

अनघा

प्रेषक: सुनंदा
विषय: उत्तर: आई एकटी असते

अगं अनघा, तूर सोडवत नसेल तर तो विषय काढूच नकोस, उगाच भांडण होईल.

एनसी म्हणजे अदखलपात्र. कोर्टाने सांगितल्याशिवाय पोलीस त्यात तपास करत नाहीत. काठी उगारली, लागली नाही, म्हणून एनसी. लागली असती तर ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरला एमएलसी (पोलीस केससाठी जखमेची नोंद) करायला सांगायचं, घरी हळद लावून बसायचं नाही. पुढच्या वेळी (येऊ नये, पण) 112 लाव म्हणावं. गाडी उशिरा आली तरी फोनची नोंद राहते.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे आहेत. त्यात कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन कळवलं तरी चालतं, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. दखलपात्र गुन्हा असून ठाणेदार घेतच नसेल तर तोच अर्ज पोस्टाने एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना), तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. आणि वकील परवडत नाही म्हणून अडायला नको. बाईमाणसाला तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो.

तुला परदेशातून करण्यासारखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित एफआयआर बघता येतात. बलात्कारासारखी संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीची चोवीस तासांत, फार तर बहात्तर तासांत टाका, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा आदेश आहे. चॅनल काय म्हणतं ते सोड, नेमकी कलमं कुठली लावली ते तिथे वाच. हो, फिर्यादीचं नावही त्यात असतं, म्हणून मी तुला सरसकट 'तक्रार दे' असं सांगत नाहीये. आईला विचार. गावात राहायचं तिला आहे.

आमच्याकडचं सांगायचं राहिलं. भाजी विकणारी एक बाई बोलायला तयार आहे. तिच्या दुकानाच्या ताडपत्रीवर रक्त पडलं होतं. ती म्हणते, "मी सांगीन, पण एकटी नाही जाणार." मंडळाला खर्च करायचा असेल तर तिच्या जाण्यायेण्याचा करा. कॅमेऱ्याच्या एका वायरीइतकाही येणार नाही.

सुनंदा

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)
विषय: उत्तर: उत्तर: आई एकटी असते

सुनंदा, भावना समजते, पण हे मुळीच करता येणार नाही. मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणजे भारताच्या कायद्याने परदेशी स्रोत. एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच आपण पैसे देऊ शकतो. ज्यांच्याकडे भारताचा पासपोर्ट आहे ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात. माझ्यासारखे ओसीआयवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय) त्यात बसत नाहीत.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी साक्षीदाराच्या हातात पैसे नकोत. उलटतपासणीत आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल: बाई, परदेशातून किती आले? तिची साक्ष तिथेच बसेल. त्यापेक्षा तिने साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये त्याची योजना मंजूर केली आहे. जिल्ह्याच्या समितीवर जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात. धोक्याचा अहवाल मात्र पोलिसांचाच लागतो, हे आधी सांगून ठेवतो.

श्रीकांत

प्रेषक: विलास
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आई एकटी असते

ताई, वर्धेच्या कोर्टात माझा मावसभाऊ वकिली करते. काल रात्रीच त्याले फोन लावला. अर्ज मी करून देतो म्हणे, पैसे नाही पाहिजे, पण बाईले स्वतः येऊन सही करा लागीन. पोलिसांचा अहवाल वर्धेवरूनच मागून घ्या, असंही म्हणते, तालुक्यातून नको. बाईसोबत तुम्ही जाल तं बरं, नाही तं त्याची बायको येते बस स्टँडवर घ्याले.

त्याचा नंबर तुम्हाला वेगळा पाठवला आहे. यादीवर टाकत नाही. अन् त्या बाईबद्दल याच्या पुढं इथं कोणी काही लिहू नका. या यादीवर तीनशे लोक आहेत अन् त्यातल्या अर्ध्यांचे साळे-मेहुणे तिकडंच आहेत.

विलास