दारू सोडणाऱ्यांचा नाशिकमधला आधारगट : तुम्हाला तो कसा सापडला?

गोदाकाठची
आषाढ अमावास्या जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गटारीच्या विनोदांचा पूर येतो. यंदा ते वाचताना, माझ्या यजमानांनी दारू सोडली तो पावसाळा आठवला. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी "आता एखाद्या गटात नियमित जा" असे बजावले खरे, पण गट शोधायचा म्हणजे कुणाला तरी विचारायचे आणि विचारायचे म्हणजे घरातली गोष्ट चारचौघांत न्यायची, ही अडचण त्यांच्या लक्षात आली नसावी. अखेर त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या रुग्णाच्या पत्नीने हळूच पत्ता दिला. संध्याकाळी रिकाम्या होणाऱ्या एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेली ती मोठी माणसे पाहून मला एकाच वेळी हसू आणि रडू आले होते. आपापले अनुभव लिहावेत, म्हणजे शोधणाऱ्याला वाट सापडेल.

सिडकोवासी
माझ्या घराजवळ अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ए. ए.चा, गट होता, तरीही मी मुद्दाम नाशिक रोडच्या गटात जात असे, कारण अंबडच्या कारखान्यातले कुणी पाहील अशी धास्ती होती. पुढे खरोखरच आमच्या खात्यातला एक जण तिथे भेटला, आणि तो पाहायला नव्हे तर माझ्यासारखाच बसायला आला होता. नवीन माणसाने इतके जाणून यावे की तिथे फी नसते, आडनाव कुणी विचारत नाही आणि दारू थांबवण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट असते. 'बंद' मीटिंग फक्त व्यसनी माणसांसाठी असते, तर 'खुल्या' मीटिंगला घरच्यांनाही येता येते.

रात्रपाळीची परिचारिका
गटाच्या आधीची एक पायरी कृपया कुणी गाळू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केल्यास काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. कुठे जावे हे कळत नसेल, तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येते आणि त्या फोनला पैसे पडत नाहीत. दुसरे असे की, 'नकळत चहात मिसळा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या कुणी आणू नयेत. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

जेलरोडची सूनबाई
परिचारिका ताई, ही पुडी आमच्या सासूबाईंनी जाहिरात वाचून खरोखर आणली होती. भाऊजींना वास आला आणि त्यानंतर त्यांनी घरचा चहाच सोडला, दारू मात्र चालू राहिली! आता हसतो आहोत, पण तेव्हा घरातला विश्वास पार उडाला होता.

द्राक्षबागेपलीकडची
मी बाई आहे आणि मी प्यायचे, हे वाक्य पहिल्यांदा उच्चारायला मला फार वेळ लागला. आपल्या गावात वाइनला दारू समजतच नाहीत, आणि मुंबईहून पाहुणे आले की वायनरी दाखवणे हा पाहुणचाराचाच भाग झाला आहे. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते, हे कोण लक्षात घेतो? पुरुषांनी भरलेल्या वर्गात बोलणे मला जमेना, म्हणून मी केवळ स्त्रियांच्या ऑनलाइन मीटिंगपासून सुरुवात केली.

पंचवटीतला नास्तिक
ए. ए.च्या बारा पायऱ्यांमधला, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या त्यांच्या बारा टप्प्यांमधला, ईश्वर मला सुरुवातीला खटकला. 'आपल्याला उमगलेली शक्ती' असा त्याचा अर्थ घेण्याची मुभा असते आणि अनेक जण गटालाच ती शक्ती मानतात, हे कळल्यावर तिथे बसणे जमले. तरीही मला खरा उपयोग झाला तो समुपदेशनाचा. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात माझे उपचार झाले. एकच मार्ग सर्वांना लागू पडतो, असे मला वाटत नाही.

गोदाकाठची
नास्तिक दादा, मान्य आहे. मी स्वतः अल्-अ‍ॅनॉनमध्ये, म्हणजे व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांच्या गटात, जाते. बाटल्या शोधणे आणि यजमानांच्या वतीने त्यांच्या साहेबांना खोटे फोन करणे मी थांबवले, ते तिथे गेल्यावर.

दिंडोरीकर
माझा धाकटा भाऊ तयार आहे, परंतु संध्याकाळच्या मीटिंगनंतर परतीची बस मिळत नाही. काय करावे?

सिडकोवासी
दादा, निघण्यापूर्वी वेळ फोनवर विचारून घ्यावी, कारण जागा आणि वेळा बदलत असतात. सुट्टीच्या दिवशी दिवसा मीटिंग आहे का, तेही विचारावे. मधल्या दिवसांत ऑनलाइन बसता येते. ए. ए.च्या परंपरेनुसार दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन जण एकत्र आले तरी त्यांचा गट होतो. दिंडोरीत आणखी कुणी तयार असेल, तर आमच्या गटातले जुने सभासद तिकडे येऊन पहिल्या काही मीटिंगा चालवून देतील. मी या रविवारी त्यांच्याशी बोलतो.