मदत हवी आहे: कागदी स्पिटफायरच्या धडाची शिवण मिटत नाही

नमस्कार. कागद आणि पुठ्ठ्याचं स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, बनवतेय, आणि कॉकपिटच्या मागच्या भागाशी येऊन अडकले आहे. आठवडाभर रोज रात्री तोच भाग सोडवून पुन्हा लावतेय. सगळं नव्याने छापायच्या आधी चूक नेमकी कुठे होतेय ते कळायला हवं.

आराखडा १:३३ चा (खऱ्या विमानाच्या तेहतिसाव्या हिश्शाचा) आहे, कागदी विमानांचे पुष्कळसे असतात तसा. पण माझ्याकडची प्लास्टिकची विमानं १:४८ ची आहेत. हेही त्यांच्याच रांगेत उभं राहावं म्हणून मी सगळी पानं ६८.७५ टक्क्यांवर छापली. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२३ मीटर. माझे छापलेले पंख पट्टीने मोजले तर २३.४ सेंटिमीटर भरतात, तेव्हा छपाईत गडबड नसावी. बाहेरचं कवच १६० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागदाचं आहे. आतले आडवे छेद, म्हणजे फॉर्मर, आराखड्यात लिहिल्याप्रमाणे १ मिमी पुठ्ठ्याचे. गोंद साधा पांढरा.

आता अडचण. कवचाची पट्टी वळवली की पोटाखालची शिवण छान मिटते. आत सांध्याची पट्टी लावून फॉर्मर सरकवला की तीच शिवण अर्धा ते पाऊण मिलिमीटर उघडते. नाकाकडचे दोन भाग दाबून धरून कसेबसे चिकटवले. तिसऱ्याला ते जमलं नाही, आणि आता दोन भागांच्या मध्ये चक्क पायरी दिसते. फॉर्मरच्या खाचांत उभा कणाही, म्हणजे धडाच्या लांबीने जाणारा पुठ्ठा, बसत नव्हता, म्हणून खाचा सुरीने रुंद केल्या. त्यात फॉर्मर फाकले असतील का?

आणखी दोन गोष्टी. शेपटीकडची निमुळती पट्टी वळवताना गोल होत नाही, तिला उभ्या मोडी पडतात. आणि पंखांचं एक टोक दुसऱ्यापेक्षा ४ मिमी वर आहे. हे विमान सुंदर दिसतं ते त्याच्या लंबगोल पंखांमुळेच, त्यामुळे तिथे तडजोड करायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद १

तुमचा हात चुकलेला नाही. आराखडा लहान झाला, कागदाची जाडी मात्र तेवढीच राहिली.

हिशेब करून बघा. १६० जीएसएमचा कागद साधारण ०.२ मिमी जाड असतो. नळी केल्यावर कवचाच्या जाडीमुळे आतला व्यास ०.२ ने कमी होतो, आणि आतून लावलेली सांध्याची पट्टी दोन्ही बाजूंनी मिळून आणखी ०.४ खाते. आराखडा करणाऱ्याने हे ०.६ मिमी फॉर्मरमधून आधीच वजा केलेले असतात. तुम्ही पानं ६८.७५ टक्क्यांवर आणलीत, तेव्हा ती वजाबाकीही ०.४१ वर आली. म्हणजे तुमचा प्रत्येक फॉर्मर व्यासात जवळजवळ ०.२ मिमी मोठा आहे. परिघात ते ०.६ मिमी होतात. तुमची शिवण तेवढीच उघडतेय!

खाचांचंही तेच झालंय. १ मिमीची खाच ०.६९ ची झाली आणि तुम्ही तीत १ मिमीचा पुठ्ठा घालत होतात. खाच रुंद केली ते योग्यच केलंत, पण ती एकाच बाजूने वाढली असेल तर कणा मध्यरेषेवरून सरकतो. पायरीचं दुसरं कारण तिथे सापडेल.

सगळं छापू नका. उरलेले फॉर्मर पॉलिश पेपरवर कडेने घासून चहूबाजूंनी ०.१ मिमी कमी करा. दर दोन-तीन हातांनंतर गोंद न लावता कवचात घालून बघा. शिवण आपोआप मिटली की थांबायचं. दाबून मिटवावी लागतेय म्हणजे अजून घासायला हवं. पुढच्या वेळी कवच ०.१४ मिमीच्या आसपासच्या कागदावर छापा आणि फॉर्मर ०.७ मिमीचे करा. कागदाची जाडी कळत नसेल तर दहा कागद घट्ट दाबून एकत्र मोजा आणि दहाने भागा.

प्रतिसाद २

मोडी पडतात त्या कागदाच्या तंतूंच्या दिशेमुळे. कोऱ्या कागदाचा चौकोनी तुकडा कापून दोन्ही दिशांनी हलकेच वळवा. एका दिशेने तो सहज वळेल, दुसरीकडे अडेल. सहज वळतो तेव्हा नळीची लांबी तंतूंना समांतर असते, आणि धडाच्या पट्ट्या पानावर तशाच यायला हव्यात. पट्टी आधी तळहातावर ठेवून गुळगुळीत गोल दांडीने आतल्या बाजूवरून फिरवत घ्या, मग वळवा. मला तरी निमुळत्या पट्टीला घाई केलेली कधीच पचली नाही.

प्रतिसाद ३

पंखांबद्दल. स्पिटफायरचे पंख मुळापासून टोकाकडे ६ अंशांनी वर जातात. तुमचा एक पंख सुमारे ११.७ सेंमी, म्हणजे टोक मुळापेक्षा साधारण १२ मिमी वर यायला हवं. तेवढ्या उंचीचे दोन ठोकळे कापा, विमान सपाट फळीवर ठेवा, दोन्ही टोकांखाली ठोकळे द्या आणि सांधा पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका.

त्याआधी पंखाला पीळ आलाय का ते समोरून डोळा लावून बघा. खऱ्या विमानातही पीळ होता, मुळाशी २ अंश आणि टोकाशी उणे अर्धा, म्हणजे टोकाची पुढची कड किंचित खाली. तेव्हा पीळ दिसला म्हणून घाबरू नका. दोन्ही बाजूंना सारखा आहे ना, एवढं तपासा. एकाच पंखाला असेल तर पांढऱ्या गोंदातलं पाणी मोठ्या पृष्ठभागावर पसरून कागद आक्रसलाय. पंखाच्या आत गोंद फक्त कडांना लावा, तोही काडीच्या टोकाने.

धागाकर्तीकडून

खूप आभार. काल चौथा फॉर्मर घासला. सहाव्या वेळी घालून बघितला तेव्हा शिवण हात न लावता मिटली. कणा खरंच मध्यरेषेच्या डावीकडे सरकलेला होता. खाचेत कागदाची बारीक चकती घालून तो मध्ये आणला. पायरी आता नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही.

तिसरा भाग मात्र इतक्या वेळा सोडवलाय की कडा पिंजल्या आहेत. तो एकच भाग १२० जीएसएमवर, तंतूंची दिशा बघून पुन्हा छापतेय. रंगाची छटा शेजारच्या भागांशी जुळावी म्हणून त्याच प्रिंटरवर, त्याच सेटिंगला. कागद वेगळा असल्याने छटा तरीही बदलली तर काय करता, हे कुणी केलं असेल तर सांगा. पंखांचे ठोकळे कापून ठेवलेत, १२ मिमीचे.