पुरानंतरची शाळा: तुमच्या गावात काय उभं राहिलं, कसं राहिलं? (अनुभव धागा)

आपण टँकरची, चारा छावणीची भाषा बोलणारी माणसं. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभी होते. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर 2025 मध्ये सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा पात्र सोडून गावात शिरल्या आणि महिनाअखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सुटलं. 7 ऑक्टोबरला सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पिकं, जमीन, जनावरं यांच्यावर बरंच लिहून आलं, ते यायलाच हवं होतं. शाळांबद्दल मात्र कुणी नीट लिहिलेलं मला दिसलं नाही.

माझं मत आधीच सांगते. घराला मदत थोडी उशिरा मिळाली तरी माणूस तग धरतो. शाळा उशिरा उघडली तर लेकरं हातची जातात आणि त्यांच्यामागे गावही पांगतं. तुमच्या गावात काय झालं ते लिहा. पैसा कुठून आला, कुठल्या कागदावर अडला, कोण धावून आलं, सगळं लिहा. गावाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.

सीनाकाठची बाई

मी परंडा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी शाळेत पोचले. वर्गात गुडघ्याएवढा गाळ होता. पोषण आहाराचा तांदूळ पोत्यातच फुगून आंबला होता आणि त्याचा वास फाटकापर्यंत येत होता. बेंच उलटे होऊन एकमेकांत अडकलेले. टीव्ही, टॅब, ग्रंथालयाची पेटी काहीच कामाचं राहिलं नव्हतं.

पण माझा जीव अडकला होता जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदवहीत. कपाट पाण्यात राहिल्यानं दार फुगलं होतं. गावातल्या एका पोरानं पहारीनं उघडून दिलं. आतली जुनी रजिस्टरं भिजून वीट झाली होती. सगळ्यात जुन्या रजिस्टरात निजामाच्या काळातल्या नोंदी आहेत, काही पानांवर उर्दू शेरे, फसली सन (तेव्हाची महसुली कालगणना). शाई पसरू नये म्हणून आम्ही ती उन्हात ठेवली नाहीत. देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरली आणि दर दोन पानांमध्ये वर्तमानपत्राचा कागद सरकवत गेलो. तो ओला झाला की बदलायचा. पान चिकटलेलं असलं तर ओढायचं नाही, पातेल्यात उलथनं घालतो तसं पोस्टकार्ड हळूच आत घालायचं. सातवीच्या चार मुली आणि मी, अकरा दिवस हेच करत होतो.

या दिवसांत रोज कुणी ना कुणी यायचं. ज्यांच्या घराची भिंत पडली होती तेही विचारायचे, “बाई, आमच्या आज्याचं पान निघालं का?” जातीच्या दाखल्यासाठी या जुन्या नोंदीच लागतात, हे तुम्हाला माहीत आहे. मला तेव्हा कळलं की गावाच्या लेखी शाळा म्हणजे खोल्या नव्हेत, ते पान आहे. दोन रजिस्टरं वाचली नाहीत. बाकीची आम्ही मोबाइलवर पानापानानं टिपून ठेवलीत. प्रत्येक शाळेनं हे आजच करावं, पुराची वाट पाहू नये.

शाळा आम्ही सातव्या दिवशी मारुतीच्या देवळात सुरू केली. वरचा हुकूम नंतर आला.

मातीवाला

मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे आणि माझीच अडीच एकर खरडून गेलीय, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

शेताच्या पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघं सोबत आले. फोटो काढले, सह्या झाल्या. शाळेचा पंचनामा कुणी करायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. महसूलवाले म्हणायचे तो जिल्हा परिषदेचा विषय, जिल्हा परिषदेचे म्हणायचे आधी अहवाल येऊ द्या. बांधकामचे साहेब लई उशिरा आले. तवर आम्ही गाळ काढून टाकला होता, तर म्हणतात नुकसान दिसंना. म्हणून हात जोडून सांगतो, गाळाला हात लावायच्या आधी प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेजवळ टेप धरून काढा.

आता शेताचं. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि 3 लाख रोहयोतून, गाळानं भरलेल्या विहिरीला 30 हजार, असं जाहीर झालं. आमचं खातं सामाईक. एक भाऊ पुण्यात, एक वारलेला, त्याच्या वारसाची नोंद राहिलेली. संमतीपत्र होईपर्यंत आमचं नाव यादीत असून पैसा थांबला. शेजाऱ्याचा फार्मर आयडी आधीच निघालेला होता, त्याला केवायसीची कटकट झाली नाही. रोख रक्कम मिळाली, दिवाळी होऊन गेल्यावर. रोहयोतलं काम अजून मंजूर नाही. आणि खरी अडचण पैशाच्या पुढची आहे. खाली पांढरा चुनखडीचा थर उघडा पडलाय, त्यावर टाकायला काळी माती आणायची कुठून? पाझर तलावातला गाळ सगळ्यांनाच पाहिजे.

शाळेसाठी माझा ट्रॅक्टर नऊ दिवस चालला. डिझेल गावानं वर्गणीतून दिलं. त्याचा हिशेब कुणाला मागायचा नाही, पण लिहून ठेवलाय.

पुनर्वसित

30 सप्टेंबर 1993 ला मी चौथीत होतो. त्या दिवशीच्या भूकंपानंतर किल्लारीजवळचं आमचं गाव पूर्ण दुसऱ्या जागी वसवलं. आता पुरानंतर “सगळं गावच वर उचला” अशी मागणी ऐकतो तेव्हा थोडं थांबावंसं वाटतं.

आम्हाला घरं जमिनीवरून मिळाली. भूमिहीन आणि हेक्टरपर्यंतच्यांना 250 चौरस फूट, त्यावरच्यांना 400, सात हेक्टरांवर 750. सरकारनं दिलं, पक्कं दिलं, ते मी विसरणार नाही. पण त्यामुळे अ, ब, क अशा वस्त्या झाल्या. जुन्या गावात भावकी एका बोळात होती, ती तीन टोकांना गेली. रस्ते शहरासारखे रुंद. आज्जी म्हणायची, “समोरच्या दारातलं माणूस हाक मारली तर ऐकू येत नाही.” शेत लांब पडलं. शाळेचं म्हणाल तर, आमचे वर्ग बराच काळ पत्र्याच्या शेडमध्ये भरले, उन्हाळ्यात पत्रा तापला की गुरुजी बाहेर झाडाखाली न्यायचे, आणि तीच दोन वर्षं आमच्या वर्गातली कितीतरी मुलं गळाली. ती परत आली नाहीत.

जागा निवडताना बायकांना विचारा. पाणी, सरपण, शाळेची वाट हे त्यांना ठाऊक असतं. आमच्यात कुणी विचारलं नव्हतं.

जुना अभियंता

बांधकाम उपविभागात 31 वर्षं शाळाखोल्या बांधल्या आणि पाडल्या. काही गोष्टी कामाच्या वाटतात म्हणून लिहितो.

आपली काळी जमीन पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. पूर ओसरल्यावर इमारत धड दिसते आणि दोन-तीन महिन्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, शहाबादी फरशी मधोमध उचलते. म्हणून रंगाची घाई करू नका. भिंतीवर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर भिंत ओलीच आहे, रंग फुगणार. मुलं बसवण्याआधी दोन गोष्टी मात्र बघाच. इमारतीच्या कोपऱ्यांशी पहार मारून जोत्याखाली पोकळी झाली का ते पाहा. आणि विजेचं वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नका.

खोली धोकादायक असेल तर तिचं निर्लेखन (सरकारी नोंदीतून काढणं) मंजूर झाल्याशिवाय ती पाडता येत नाही, आणि ती उभी असताना त्या जागी नवी मिळत नाही. यात शाळांची वर्षं जातात. निर्लेखनाचा आणि नव्या खोलीचा प्रस्ताव एकाच दिवशी पाठवा, वेगळा पाठपुरावा करायला लावू नका. पाया मुरूम लागेपर्यंत न्या, जोत्याच्या पातळीला बीम घ्या, भरावात काळी माती नको. आणि पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदाचा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाचा. निळ्या रेषेच्या आत शाळा पुन्हा बांधणं हा गुन्हा समजावा असं माझं मत आहे. गायरान मोकळं असतं म्हणून तिथं जागा देतात. ते नदीलगत का मोकळं राहिलं हे म्हाताऱ्यांना विचारलं तर लगेच कळेल.

कोयत्याचं लेकरू

बीड जिल्हा. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे, आता मी शिक्षक आहे. आमच्याकडं पूर ऑक्टोबरच्या तोंडावर आला आणि त्याच्यामागोमाग ऊसतोडीचा मुकादम आला. सोयाबीन सडलेलं, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतल्याशिवाय घर चालणार नाही. एरवी जी दहा लेकरं आजीजवळ हंगामी वसतिगृहात राहायची, त्यांच्यातली सहा या वर्षी आई-बापांबरोबर उसाच्या फडावर गेली, कारण आजीचं घर पडलेलं आणि शाळेतली वसतिगृहाची खोली ओली.

मदत लहान शेतकऱ्याला हेक्टरावर मिळते. ज्याच्याकडं हेक्टरच नाही त्याच्या लेकराला काय? वसतिगृह दिवाळीआधी सुरू झालं असतं तर ही सहा थांबली असती, एवढं मी खात्रीनं सांगतो. एक मुलगी जाताना वही मागून घेऊन गेली. कोपीत (फडावरच्या झोपडीत) दिवा असला तर लिहीन म्हणाली.

लांबची नांदेडकर

माहेर मुखेड तालुक्यात. ऑगस्टमध्येच तिथं पाणी शिरलं तेव्हा मी अमेरिकेत लुइझियानात होते, रात्रभर फोन हातात. इथे न्यू ऑर्लिन्सला 2005 मध्ये कतरिना चक्रीवादळानं तटबंध फुटले आणि बहुतेक शहर बुडालं. शाळांचा पैसा केंद्राच्या आपत्ती संस्थेकडून, प्रत्येक इमारत पूर्वी होती तशी करण्याच्या हिशेबानं येत होता. एकेका इमारतीवर वाद. शेवटी 2010 मध्ये सुमारे 1.8 अब्ज डॉलर एकरकमी मंजूर झाले आणि मग जिथं मुलं आता राहतात तिथं शाळा बांधता आल्या. पाच वर्षं गेली त्यात. शिक्षकांना तर सरसकट कामावरून काढलं गेलं होतं, त्याची जखम अजून बोलण्यात येते.

आपल्याकडे शिक्षक जागेवर आहेत, ही केवढी मोठी गोष्ट आहे. खोलीनिहाय अंदाजपत्रकाऐवजी तालुक्याच्या शाळांचा एकत्र निधी मागता येईल का, अभियंताकाका सांगतील का?

जुना अभियंता

जिल्हा नियोजन समितीकडे तशी मागणी करता येते, पालकमंत्री अध्यक्ष असतात. पण आपल्या शाळा-केंद्रातल्या (आसपासच्या गावांच्या गटातल्या) सगळ्या शाळांनी एकत्र आणि मोजमापांसह गेलं पाहिजे. बाई, तुमच्याकडे पाण्याची उंची आहे का?

सीनाकाठची बाई

आहे. जोत्यापासून 4 फूट 7 इंच. गाळ काढायच्या आधी मुलांनी व्हरांड्याच्या खांबावर ऑइल पेंटनं रेघ ओढून तारीख लिहिली, मातीवाले म्हणतात तसे टेप धरलेले फोटोही आहेत. केंद्रातल्या बाकीच्या शाळांना आज रात्रीच कळवते. शनिवारी सगळे मुख्याध्यापक आमच्या देवळात बसू. तुम्ही फोनवर असाल का दादा, दहा वाजता?