सोलापूरकरांनो, कोणतं पुस्तक कोणाच्या हाती दिलंत?

वय बघून नव्हे, माणूस बघून दिलेलं पुस्तक. आपल्या घरापेक्षा वेगळं घर दाखवणारं असेल तर उत्तमच. काय घडलं ते लिहा. फसलेले प्रयोगही चालतील. सुरुवात मीच करते.

पोरगा नववीत. चरित्र म्हटलं की जांभई. 'एक होता कार्व्हर' आठवडाभर टीव्हीवर पडून होतं. एकदा जेवताना म्हटलं, "अरे, हा शेंगांवाला माणूस." कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन बसला होता, तसाच वाचायला लागला. गुलामीत जन्मलेलं अनाथ पोर शाळेसाठी घर सोडतं, तिथे घास थांबला. पुढे कापसाने जमिनीचा कस गेला म्हणून कार्व्हर शेतकऱ्यांना शेंगा लावायला सांगतो. "आपल्या गिरण्यांचा कापूस पण असाच का?" मला उत्तर आलं नाही. वीणा गवाणकरांच्या पुस्तकावर आता चटणीच्या तेलाचा डाग आहे. वाचनालयाचं नव्हतं, नशीब!

— मी पूर्व भागात बालवाडी घेते. निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' काढलं, आजीचं चित्र आलं आणि एक चिमुरडी ओरडली, "अव्वा!" मग प्रत्येकाची अव्वा, दादी, अज्जी निघाली. पुस्तक राहिलं बाजूला, तास संपला.

— मालक, माझा फसलेला प्रयोग घ्या. भाच्याला मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' दिलं. आपल्याच सोलापुरात जन्मलेला माणूस म्हणून कौतुकाने दिलं. चार पानं वाचून म्हणाला, "मामा, यात काही घडतच नाही बे." नंतर नान्नजच्या माळरानावर नेलं. माळढोक काही दिसला नाही, पण उन्हात तीन तास गप्प बसला. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे, वाचलं का ते विचारलेलं नाही.

— वय ५६. हन्नूरवरून एसटीने शंभरदा गेलो असेन. शरणकुमार लिंबाळेंचं 'अक्करमाशी' त्याच गावातलं, १९८४ सालचं, आणि मी वाचलं गेल्या वर्षी. शाळेची सहल, आणि उरलेलं अन्न महारवाड्यातल्या पोरांना. पुस्तक मिटून गॅलरीत गेलो. आमच्याही सहली व्हायच्या. आमच्या वर्गातली काही पोरं लांब बसायची, का ते कधी विचारलं नाही. बायकोला वाच म्हटलं, तिने वाचलं, दोन दिवस त्यावर बोलली नाही. मुलांना कधी द्यावं यावर आमचं अजून जमलेलं नाही. ती म्हणते दहावीनंतर, मी म्हणतो आताच.

— आमच्या भिशीत 'मी हिजडा, मी लक्ष्मी' पेपरचं कव्हर घालून फिरलं. सातव्या घरापर्यंत कव्हर निघालेलं होतं.

— कुणी सुचवा की. मुलगी सातवीत, घरी कानडी, मराठीत अडखळते. जाड पुस्तक बघितलं की पळते.

— फास्टर फेणे द्या, भा. रा. भागवतांचा. पण आधी एक प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा, 'ट्टॉक' सकट, आणि ऐन रंगात आलं की गॅसवर दूध आहे म्हणून उठा.