विषय पुन्हा काढू नका म्हणे

मांजराकाठची:
परवा गोदातीर सरांनी लिहिलं होतं, नवरा-बायकोत एकाचं पाऊल वाकडं पडलं तर दुसऱ्यानं लेकरांकडं बघून मोठ्या मनानं एकदा माफ करावं आणि पुन्हा तो विषय घरात काढू नये. खाली पैठणच्या नाथांची गोष्ट जोडली होती. नाथ गोदावरीवरून आंघोळ करून यायचे, एक माणूस अंगावर थुंकायचा, नाथ न रागावता परत नदीवर जायचे. लोकांनी भरभरून लाईक दिले. मी दोन दिवस गप्प बसले, पण राहवेना.

सर, नाथांच्या अंगावर थुंकणारा परका होता. रात्री तो त्यांच्या शेजारी झोपत नव्हता. आणि नाथ दर वेळी परत जाऊन आंघोळ तरी करत होते. तुम्ही तर आम्हाला आंघोळही करू देईनात. म्हणता विषय काढू नका.

माझं सांगते. नऊ वर्षं झाली. धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात लातूरच्या गंजगोलाईतल्या एका दुकानाची पावती सापडली. दोन साड्या. एक माझ्याकडं होती, दिवाळीची, जांभळ्या काठाची. दुसरी घरात आलीच नव्हती. पावती अर्धी भिजली होती, तरी आकडे दिसत होते. न आलेली साडी माझ्या साडीपेक्षा चारशे रुपयांनी महाग होती. बाई कोण, कुठली, किती दिवस, हे सगळं मागून कळलं. पण अजून रात्री जाग आली की आठवतात ते चारशे रुपये.

त्यानं कबूल केलं, रडला आणि अन्न सोडलं. तीन दिवस ताटावरून उठून जायचा. सासूबाई माझ्या उंबऱ्यात येऊन बसल्या, "लेकरू वाळून चाललं माझं, एकदा माफ केलं म्हण." चूक त्याची, उपाशी तो, आणि त्याला जेवू घालायची जबाबदारी माझी. तिसऱ्या रात्री भाकरी वाढली आणि म्हणाले, केलं माफ. तो पोटभर जेवला. मी तशीच झोपले.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी काही विचारलं की एकच उत्तर, "तू माफ केलंस ना?" म्हणून सांगते, ज्यानं केलं त्याचा पश्चात्ताप त्यानंच वागवावा. त्याला हलकं करायला माझं तोंड वापरू नका. माफी कधी द्यायची ते मी ठरवीन, द्यायची का नाही तेही मीच.

गोदातीर:
ताई, वाचून वाईट वाटलं. पण माझं म्हणणं बाईनंच सोसावं असं नव्हतं, दोघांनाही लागू होतं. चौतीस वर्षं शिकवलंय मी. शनिवारी शाळा सुटली की एक पोरगा फाटकाशी दप्तर घेऊन उभा राहायचा. आज आईकडं जायचं का बापाकडं, त्यालाच माहीत नसायचं. कुणाची सायकल आली की मान वर करायचा. त्याला बघून मी ते लिहिलं. रोज तोच विषय काढला तर जखमेची खपली निघते, जखम भरत नाही. आमच्याकडं पूर्वी चार शहाणी माणसं बसायची, दोघांना समजवायची, घर वाचायचं. आता लगेच वकील.

पुण्यात परभणीकर:
मला कळतच नाही, एवढं होऊन राहायचं कशाला? मी असते तर त्याच दिवशी बॅग भरली असती. विश्वास गेला की नातं संपलं. माफ करा, माफ करू नका, हा प्रश्नच उरत नाही.

मांजराकाठची:
बाळा, बॅग भरून जायला एक घर लागतं. माझ्या माहेरी भावजय होती आणि दोन खोल्या होत्या. शिवाय तो माणूस मला तेव्हाही आवडत होता. हे लिहायला लाज वाटत नाही मला. ज्याचा राग येतो त्याच्यावरच जीव असतो, हीच तर अडचण आहे. नाहीतर एवढं कशाला लिहीत बसले असते?

बाहेरगावी:
मी दुसऱ्या बाजूचा आहे. शिव्या द्यायच्या तर द्या. चाकणला कंपनीत होतो, बायको-लेकरं माजलगावकडं. दीड वर्ष एक भानगड होती. ती संपल्यावर दोन वर्षं कुणाला कळलं नव्हतं, कळलंही नसतं. पण गावी गेलो की बायको बॅगेतले कपडे काढून वास घ्यायची आणि म्हणायची, तिकडं साबण बरा नाही का? तिला काहीच माहीत नव्हतं, मला मात्र घास गिळायचा नाही. शेवटी एका रात्री सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुमचं ओझं उतरलं, आता हे मी कुठं ठेवू?"

ताई, तुमचं पटतं. पण सांगितलं तरी आम्ही गुन्हेगार, लपवलं तरी गुन्हेगार. अन्न सोडणारा माणूस दर वेळी नाटक करत नसतो. मला खरंच जेवण जात नव्हतं. मग माणसानं करायचं काय?

वकीलताई, नांदेड:
आधी गोदातीर सरांना. "लगेच वकील" म्हणालात. माझ्याकडं येणारी बाई सासर, माहेर, मामा, देवऋषी सगळं करून शेवटी येते, आणि येताना हातात पाचशेच्या बाँडवर लिहिलेली फारकत असते. चार शहाण्या माणसांनी लिहून दिलेली, खाली अंगठे, नोटरीचा शिक्का. त्या कागदानं हिंदू विवाह मोडत नाही. रूढीनं फारकत मान्य असलेल्या समाजात ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकीच्यांचं त्या बाँडवरचं दुसरं लग्न बेकायदा ठरतं आणि दुसऱ्या बाईची पोरंही फरफटतात. हे शहाणपण मी दर महिन्याला निस्तरते.

आता माफीचं. व्यभिचार हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ४९७ कलम रद्द केलं. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण आजही आहे. आणि त्याच कायद्याच्या २३ व्या कलमात लिहिलंय की अर्जदारानं तो प्रकार माफ केलेला नसावा. म्हणजे "एकदा माफ करा आणि विसरा" हा सल्ला फुकटचा नाही, त्यात बाईच्या हातातलं एक कारण जाऊ शकतं. पण नुसतं तोंडानं माफ केलं म्हणणं कायद्याला पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या दास्ताने निकालात आहे, क्षमा करणं आणि जोडीदाराला पहिल्या जागी परत बसवणं, दोन्ही लागतं. आणि ती क्षमा कायम सशर्त असते. माणूस पुन्हा तसाच वागला तर जुना दोष परत उभा राहतो. मांजराकाठच्या ताई स्वयंपाकघरात जे सांगतायत ते न्यायालयानं पन्नास वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय.

गोदातीर:
कायदा तुम्ही शिकवा, मी ऐकतो. पण माझ्या चुलतभावाच्या पोरीची केस सात वर्षं चालली. दर तारखेला पहाटेची एसटी धरून जिल्ह्याला जायचं, दुपारी कळायचं की साहेब रजेवर. बैठकीत एका दिवसात निकाल लागतो. खर्च चहाचा.

पार सोडलेला:
खर्च चहाचा? सर, माझ्या बैठकीला सतरा माणसं होती. मी पुरुष आहे आणि माझ्या बायकोकडून झालं होतं. मला आमचं आम्ही बघायचं होतं. पण मेव्हण्यानं भावकीला सांगितलं आणि समाजमंदिरात सतरंजी पसरली. माझ्या बायकोला मधे बसवलं. एक म्हातारा विचारतो, "कुठं भेटायचा?" दुसरा विचारतो, "किती वेळा?" पदर दातात धरून ती खाली बघत होती, आणि मी तिथं बसून होतो. उठलो नाही. तिनं केलं ते मी दोन वर्षांत गिळलं. पण त्या दिवशी मी उठलो नाही, ते अजून घशात आहे. आमच्या घरात आता माफी मागायची पाळी माझी आहे.

आणि अजून एक ऐका. बाईनं माफ केलं की तुम्ही म्हणता सोशिक, खानदानी. मी माफ केलं तर पारावर पोरं मला बघून घसा खाकरायची. मी पारावर जाणंच सोडलं. मोठं मन म्हणे.

गोदातीर:
सतरा माणसं चूक. मी तीन-चार म्हणालो होतो. एका बैठकीवरून सगळ्या बैठका वाईट ठरवू नका.

अर्धा कोयता:
सगळे पांढरपेशे बोलायलेत म्हणून मी बोलतो. मी धारूरकडचा, आईबाप ऊसतोड. आमच्यात बैठक बसली की मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी कारखान्याला नेणारा, तो पण बसतो. का? तर एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, दोघांच्या जिवावर घेतलेली असती. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोण उचल देतंय? माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं टोळीतल्याच बाईसंगं जमलं. कारखाना इथून तीनशे किलोमीटरवर, पट्टा, म्हणजे तोडीचा हंगाम, अर्धा व्हायचा होता. बहीण म्हणाली मी गावाकडं जाते. मुकादम म्हणाला, उचल फिटेस्तोवर कोयता मोडायचा नाही. अडीच महिने ती त्याच कोपीत, पाचटाच्या झोपडीत, झोपली. वाकून आत शिरावं लागतं तिथं, दोघांत हातभर जागा. पहाटे तीनला उठून त्याच्यासंगं गाडीवर जायचं, तो तोडायचा, ही मोळ्या बांधायची, डोक्यावर नेऊन टाकायची. तिला कुणी विचारलं नाही, बाई तू माफ केलं का? माफीसाठी आधी माणसाला जाता आलं पाहिजे. जायची सोय नसताना राहिली, तर त्याला माफी म्हणू नका.

पुण्यात परभणीकर:
मी वर "बॅग भरली असती" लिहिलं ते परत घेते. पण ऊसतोडीचा मुद्दा वेगळा आहे, तो मजुरीचा प्रश्न आहे.

अर्धा कोयता:
वेगळा कसा? तुमच्याकडं घराचा हप्ता दोघांच्या नावावर असतो, आमच्याकडं उचल. बांधलेले दोघंपण. फरक एवढाच की तुमचा हप्तेवाला कोपीच्या दारात बसत नाही.

गोदातीर:
मुकादम बैठकीत बसणं हा अन्यायच आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण लिहिताना डोक्यात आलं नाही. तरी विचारतो, वकीलताई, तुमच्याकडं तोड काय? कोर्टात गेली असती तर अडीच महिन्यांत सुटली असती का?

वकीलताई, नांदेड:
नसती सुटली. मान्य. परस्पर संमती असली तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, वर अर्जानंतर सहा महिने. ते सहा महिने २०१७ पासून न्यायालय माफ करू शकतं, सरसकट नाही. कोर्ट हळू आहे, हे तुमचं खरं. पण कोर्टात तिला "किती वेळा" विचारलं तर मी उभी राहून हरकत घेते. समाजमंदिरात कोण घेतं?

पार सोडलेला:
कुणी नाही. मीसुद्धा नाही घेतली.

मांजराकाठची:
बैठक आणि बाँडवर भांडून झालं असेल तर बाहेरगावी भाऊंचा प्रश्न तसाच पडलाय. "माणसानं करायचं काय" असं त्यांनी विचारलंय. एवढ्या जणांत तेवढंच कुणी वाचलं नाही.

भाऊ, तुम्हाला शिव्या देणार नाही. जेवण जात नसेल तर नका जेवू, पण ते बायकोसमोर नको. तिनं तुमची समजूत काढायची वेळ आणू नका. ती पन्नासाव्यांदा विचारील, तेव्हा पन्नासाव्यांदा तेच खरं उत्तर द्या, आवाज न चढवता. "झालं ना आता" म्हणू नका. हे मी मनानं सांगत नाही. चौथ्या वर्षी आमच्याकडं हेच झालं. मी त्याला म्हणाले, ती माफी मी परत घेते, ती उपाशी पोटाला दिली होती, तुला नाही. तो दोन दिवस बोलला नाही. मग एका रात्री स्वतः येऊन ओट्याशी बसला आणि म्हणाला, विचार काय विचारायचं ते. मी साडीचं विचारलं. महाग का? तर म्हणाला, तुझ्यासाठी भाव विचारून घेतली, तिच्यासमोर भाव विचारायची लाज वाटली. ऐकून खूप रडले. पण त्या रात्रीनंतर पावती तेवढी बोचत नाही. चार वर्षं "विषय काढू नको" म्हणून जे झालं नव्हतं, ते पाऊण तासात झालं.

बाहेरगावी:
माझी बायको विचारतच नाही. काहीच नाही. जेवायला वाढते, पोरांचा अभ्यास घेते. मला वाटायचं मिटलं.

मांजराकाठची:
मिटलं नाही. तीसुद्धा कुणासाठी तरी गप्प बसली असेल. चाकण सोडलं का?

बाहेरगावी:
नाही अजून. पगार तिथंच आहे.

मांजराकाठची:
मग तिला तिकडं न्या नाहीतर तुम्ही इकडं या. पगाराचं दोघं मिळून बघा. आणि बॅगेतले कपडे स्वतः धुवा.

गोदातीर:
ताई, तुमचा सूर मला अजून कडक वाटतो. लेकरांचा मुद्दा मी सोडत नाही, तो शनिवारचा पोरगा मला विसरता येत नाही. पण पोस्टमधली "पुन्हा विषय काढू नये" ही ओळ आज काढून टाकली आहे. नाथांची गोष्ट ठेवतो. ते परत परत नदीवर जायचे, तो भाग मी घाईत लिहिला होता. आता नीट लिहिला आहे.