द्राक्षमळ्यावरची ती दुपार: तुमचेही अनुभव लिहा

ओलीमाती
काल कपाट आवरताना जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक बूच सापडलं. टोकाला जांभळा डाग, बाजूला पेनाने लिहिलेली आम्हा चौघींची आद्याक्षरं. वास कधीच उडालाय, पण ती टेकडी जशीच्या तशी समोर आली.

वाईन चाखायला गेलो होतो. वेलींमधून वर चढताना प्रत्येक ओळीच्या तोंडाशी गुलाब दिसला. मला वाटलं, शोभेला. मळा दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, भुरीची, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीची, चाहूल गुलाबावर आधी लागते म्हणून पूर्वीपासून लावतात. मग त्यांनी एक काळा मणी चिरडला. आतला रस जवळजवळ पाण्यासारखा! लाल वाईनचा रंग सगळा सालीतला. माझी एक मैत्रीण ती साल कितीतरी वेळ बोटांवर चोळत उभी राहिली. बोटं जांभळी झाली आणि तिने तिथेच, ओळीत उभ्या उभ्या सांगितलं की लग्न मोडलंय. आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता. पुढे कुठली वाईन प्यायलो ते नीटसं आठवत नाही. चौघी एका बाकावर दाटीवाटीने बसलो होतो, तेवढं पक्कं आठवतं.

सांजवात
रुमाल टाकून ठेवते, मुलाला शाळेतून आणायचंय. मैत्रीण कशी आहे गं आता?

बांधावरचा
भुरीबद्दल थोडं. गुलाबावरची वेगळी, द्राक्षावरची वेगळी, पण दोघींना हवा साधारण सारखीच मानवते म्हणून तो इशारा. आणि मळा उतारावर का, तर पाणी मुळाशी साचत नाही आणि रात्रीची थंड हवा जड असल्याने खाली सरकते. कडाक्याच्या थंडीत दव गोठतं ते आधी तळाच्या वेलींवर. उतारावर उभं राहिलं की पोटऱ्या दुखतात, पण वेल खुशीत असते.

निळीशाई
मी लिहू का? तापानंतर माझा वास गेला होता, सात महिने. मित्रांनी ओढून नेलं. सगळे ग्लास फिरवून नाक घालत होते, मी नुसती धरून बसले होते. तळघरात पिंपांच्या ओळीशी आलो आणि काहीतरी आलं. ओलं लाकूड. अगदी पुसट. मी रडायलाच लागले. त्या गाइडने काही न विचारता पिंपाचं बूच काढून जवळ धरलं. परत आलं, गेलं, परत आलं. आता बराचसा वास येतो.

सांजवात
निळीशाई, अंगावर काटा आला गं.

दुसरागिअर
चौघांत गाडी मी चालवणार, म्हणून प्रत्येक घोट भांड्यात थुंकत होतो. सुरुवातीला फार अवघडलो. मग कळलं की रोज चाखणं हेच ज्यांचं काम, तेही थुंकतातच. तोंडात घोळवताना थोडी हवा आत ओढायची, वास घशामागून नाकात चढतो. लाल वाईनने हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, ते टॅनिन, साल आणि बियांमधलं. त्या दिवशी सगळ्यांत जास्त चव मलाच कळली असं अजून वाटतं.

चांदणझूल
अवांतर: पिंप केवढं असतं?

बांधावरचा
नेहमीचं ओकचं 225 लिटरचं. म्हणजे 750 मिलीच्या 300 बाटल्या.

चांदणझूल
बापरे. आम्हाला बाटलीच्या तळाशी काचेसारखे खडे दिसले होते, घाबरून परत द्यायला निघालो. टार्टारिक आम्लाचे क्षार निघाले, निरुपद्रवी. माझे अनुभव रात्री लिहिते, बाळ उठलं.

ओलीमाती
निळीशाई, तुझं दोनदा वाचलं.
सांजवात, ती छान आहे गं. बुचाचा फोटो आत्ताच गटावर टाकला. तिचा लगेच फोन, म्हणे त्यावरचं पहिलं अक्षर माझं, बूच मला हवं. बाकीच्या दोघीही हक्क सांगतायत.